अडीच हात दोर

दुसरी लढाई चालू होती तेव्हा दडवलेलं धान्य शोधायला सरकारी माणसं गावोगाव फिरत. त्यांच्याजवळ पुरुषभर लांबीची लोखंडी सळई असे. अंगणात, गोठ्यात, जिथे शंका येईल तिथे ती ठोकून पाहायची. कडक जमिनीत अडली तर पुढचं घर. भसकन आत गेली तर खाली पेव आहे असं समजून खणायला घ्यायचं.

आमच्या अंगणात, निंबापासून चार पावलांवर, सळई मुठीपर्यंत गेली. हातातला चहाचा कप खाली ठेवून कारकून उठला.

"बाई, इथे खाली काय आहे?"

"माती."

"एवढी मऊ माती?"

"भरलेली आहे. सासऱ्यांचं पेव होतं. बुजवलंय."

त्यांनी कमरेइतकं खणलं. माती, राख, विटांचे तुकडे निघाले. दाणा एकही निघाला नाही. घाम पुसत कारकून म्हणाला, "एवढं जुनं पेव बुजवलंत कशाला? आता बांधून घ्यायचं म्हटलं तर माणूस मिळत नाही."

"उंदीर फार झाले होते," मी म्हटलं.

ते साफ खोटं होतं. त्या पेवाच्या बाबतीत मी आयुष्यात तीन वेळा खोटं वागले, त्यातलं हे तिसरं आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचं. पहिली दोन इथे लिहून ठेवते. ज्यांना राग यावा अशी माणसं आता उरली नाहीत.

माझं माहेर तापीकाठचं. तिथली जमीन काळी, ओल धरणारी, भेगाळणारी. तिच्यात पेव टिकत नाही. आम्ही ज्वारी कणगीत भरायचो आणि कणगी घरातच असायची. झाकण काढलं, हात घातला, दाणा तळहातावर घेतला की कळलं काय ते. सासर बोरी नदीच्या बाजूला, पांढरीच्या जमिनीवर. तिथे ज्वारी जमिनीखाली ठेवायची रीत. आमच्या अंगणातलं पेव माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी खणलेलं. तोंड एवढं अरुंद की जाड माणूस अडकावा, आणि खाली पोट मोठं. खोली दोन पुरुष. भिंतीत पाय ठेवायला खाचा. तळाला कडबा आणि निंबाचा पाला अंथरायचा, ज्वारी ओतायची, वर फरशी ठेवून शेणमातीने लिंपून टाकायचं. मग तिथे काही आहे हे नवख्याला कळायचंही नाही. लोक वरून चालत, बैल वरून जात.

मी सासरी आले तेव्हा सासूबाई वारून वर्ष झालं होतं. घरात सासरे, माझे यजमान आणि मी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. एका डोळ्यात तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. माझ्याशी ते पहिलं मोठं वाक्य बोलले ते पेवाबद्दल. पण पेव हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. तिला 'खालची' म्हणायचं.

"खालनीले तुना हात अजून वळखता येत नही," आबा म्हणाले. "दोन-तीन सालमा वळखी."

मी पदराआड हसले. माझं हसू फार दिवस टिकलं नाही.

रीत अशी होती. फरशी उघडली की आधी आत दिवा सोडायचा. मातीची पणती, तीन दोऱ्यांच्या शिंक्यात बसवलेली, आणि शिंक्याला लांब सुती दोर. दोराला एका जागी लाल चिंधी बांधलेली. ती चिंधी पेवाच्या कडेला टेकली की पणती पार दाण्याजवळ पोचली असं समजायचं; दाणा किती खाली आहे ते पाहून दर वर्षी भरतानाच आबा ती चिंधी बांधत. दिवा घरच्या सवाष्णीने सोडायचा. पुरुषांनी निंबाखाली उभं राहायचं. दिवा जळत राहिला तर खालची 'हो' म्हणाली, ज्वारी काढा, विका. विझला तर 'नाही' म्हणाली, राहू द्या, अजून वेळ आहे. भाव काय चालू आहे, अमळनेरच्या बाजारात गाड्या किती आल्या, हे सगळं आबा विचारून घेत. पण शेवटचा कौल तिचा. सासूबाईंनी पंचवीस वर्षं दिवा सोडला. आता ते काम माझ्याकडे आलं होतं.

आबांना हसण्यात अर्थ नव्हता, हे मला नंतर कळलं. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळाआधी एका साली त्यांनी कौल घेतलाच नव्हता. खळ्यावरची ज्वारी खळ्यावरच विकली होती, कारण भाव चांगला होता आणि वय तरणं होतं. पुढच्या साली पाऊस आला नाही. त्यांची थोरली मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती त्या साली गेली. घरात तिचं नाव घेत नसत. तेव्हापासून खळ्यावर विकायची भाषा कुणी काढली की आबा उठून गोठ्यात जात.

मी सांगते ती गोष्ट जर्मनीशी पहिली लढाई चालू होती तेव्हाची. त्या मार्गशीर्षात पीक निम्मंच आलं. यजमान म्हणाले, निम्मी ज्वारी आताच विकू. आबा गोठ्यात गेले. पौषात सगळी ज्वारी पेवात गेली. पेव अर्धंही भरलं नाही. दाण्याच्या वर मोठी पोकळी राहिली. फरशी लिंपताना आबांनी ज्वारीची पहिली मूठ कडेच्या मातीला दिली आणि हात जोडले.

फाल्गुनात गारांचा पाऊस झाला, असा की अंगणात घोट्याइतकं पाणी उभं राहिलं. त्याच आठवड्यात आमचा एक बैल आजारी पडून मेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. एका बैलावर नांगर चालत नाही. यजमान म्हणाले, आता तरी पेव उघडा, बैल घेऊ. आबा म्हणाले, सावड करू, शेजाऱ्याचा बैल आणि आपला एक. शेजाऱ्याचा बैल म्हातारा होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मला काय हवं होतं तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. यजमानांच्या ओळखीच्या एकाने भुसावळच्या इंजिनांच्या शेडमध्ये त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. कोळशाचं काम. बैल आला तर शेती, नाही आला तर भुसावळ, असा त्यांचा सरळ हिशोब होता. आणि मी त्या घरात त्यांच्याशिवाय राहायला तयार नव्हते. सतरा वर्षांची होते. दोन वर्षांत तो माणूस मला आवडायला लागला होता, एवढंच. त्या काळी हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

चैत्राच्या सुरुवातीला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहाटे अंगण झाडून मी सडा टाकायची. सडा सगळीकडे सारखा पडायचा, पण निंबाजवळ एक गोल आधी वाळायचा. उन्हाच्या आधी. बाकीचं अंगण ओलं आणि मध्ये ताटाएवढी कोरडी जागा. काही दिवसांनी ती परातीएवढी झाली. मी अनवाणी तिथे उभी राहिले. जमीन कोमट होती. पहाटेच्या वेळी, जेव्हा गोठ्यातला दगडसुद्धा गार असतो, तेव्हा ती जागा ऊब धरून होती. आमचं कुत्रं रोज निंबाखाली झोपायचं, ते आता दारात येऊन झोपू लागलं.

मी यजमानांना सांगितलं. त्यांनी आबांना सांगितलं. आबा आले, वाकून तळवा जमिनीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"जित्ती शे ती," ते म्हणाले. "जित्त्याले ऊब ऱ्हासच."

त्या दिवसापासून मी त्या जागेवर पाय ठेवायचं टाळू लागले. सडा टाकायचा तर लांबून टाकायची. स्वयंपाक करताना पाठीला तिकडची बाजू आली की मी उगाच वळून बसायची.

चैत्र संपता संपता पहिला कौल घेतला. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. यजमानांनी लिंपण फोडलं, फरशी सरकवली. आतून वास आला. आंबलेल्या पिठाचा, गोडसर. वाईट नव्हता तो वास, आणि तेच मला वाईट वाटलं. बाप-लेक निंबाखाली जाऊन उभे राहिले. मी गुडघे टेकले आणि पणती सोडायला लागले.

हात-हात करत दोर आत गेला. पणतीचा उजेड भिंतीवरून खाली सरकत होता. खाचा दिसत होत्या, त्यांच्यात अडकलेल्या कडब्याच्या काड्या दिसत होत्या. ज्योत हलत नव्हती. आत वारा नव्हताच. मग, दाणा अजून दोन हात खाली असेल तेव्हा, ज्योत बारीक झाली, लांबली, वातीपासून वर उचलल्यासारखी झाली आणि गेली. फुंकर नाही, फडफड नाही. कुणी दोन बोटांनी उचलून नेली असं वाटलं.

पण मला भीती वाटली ती त्यानंतरच्या गोष्टीची. विझलेल्या वातीचा धूर वर आला नाही. मी वाकून वाट पाहत होते. वरून येणाऱ्या उजेडात तो मला स्पष्ट दिसत होता. तो आडवा पसरला आणि तिथेच राहिला, दुधावरच्या सायीसारखा, एका सपाटीत. त्याच्याखाली काहीतरी भरलेलं होतं आणि ते काही दिसत नव्हतं.

"इझना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसरीचा वाटला.

आबा आले, आत पाहिलं, मान हलवली. "ती नही म्हणस. ऱ्हाऊ दे." फरशी पुन्हा बसली, लिंपण झालं. यजमान शेताकडे निघून गेले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. आमच्या खान्देशात आखाजीला लेकीने माहेरी जायचं म्हणजे जायचंच. झोके, गाणी, सगळं तेव्हाच. मी झोक्यावर बसले आणि उतरले. आईने विचारलं, काय झालं गं? काही नाही म्हटलं. कणगीचं झाकण काढून ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. दाणा गार होता. मला रडू आलं. आईला वाटलं दिवस राहिलेत.

परत आले तर यजमानांनी ठरवून टाकलं होतं. आबांच्या तोंडावर सांगितलं, "आमुशापर्यंत दखसू. बैल नही उना ते मी भुसावळले जासू." आबा म्हणाले, दिवा सोडू. दुसरा कौल घेतला. या वेळी पणती आधीपेक्षा जरा वरच विझली, दाण्यापासून अडीच हातांवर. धूर पुन्हा आडवा पसरला. मी नजरेने ती सपाटी मोजली. मोजली कशासाठी, हे त्या क्षणी मला माहीत नव्हतं असं लिहिलं असतं, पण माहीत होतं.

त्या धुराच्या वर खालची बोलत नाही, खाली बोलते. माझ्या डोक्यात इतकंच आलं. दिवा तिथपर्यंत नेलाच नाही तर तिला 'नाही' म्हणायची संधी मिळणार नाही. मी एका म्हातारीशी, जमिनीतल्या म्हातारीशी, डाव खेळत होते. तिला फसवायचं होतं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा त्यात काही संबंध आहे, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. आणि ज्या घरात मी होते त्या घरातल्या कुणाच्याही मनाला शिवलं नसतं. पिढ्यान् पिढ्या दिवा कौलासाठीच सोडला होता. विझला की कुणी आत उतरत नसे, म्हणून कुणाला काही झालं नव्हतं, आणि काही झालं नव्हतं म्हणून दिवा कशासाठी असतो ते सगळे विसरले होते.

अमावास्येच्या दोन दिवस आधी आबा म्हणाले, आणखी एकदा विचारू. सकाळी मी दोर आणायला स्वयंपाकघरात गेले. खुंटीवरून काढला. शिंक्याच्या जरा वर दोर दुहेरी केला, अडीच हात दोर त्यात दडवला, आणि करकचून गाठ मारली. चिंधी होती तिथेच होती. चिंधी कडेला टेकेल, आबा समाधान पावतील, आणि पणती अडीच हात वर लटकत राहील. एवढं काम करायला मला एक भाकरी भाजायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

मी दिवा सोडला. चिंधी कडेला टेकली. ज्योत बारीक झाली, मला वाटलं गेली, पण राहिली.

"जळी ऱ्हायना," मी म्हटलं.

आबा जवळजवळ धावत आले. उकिडवे बसून त्यांनी आत पाहिलं. त्यांच्या त्या एका धड डोळ्याला उजेड तेवढा दिसला. मग त्यांनी चिंधीला बोट लावून पाहिलं. इतकं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिलं नव्हतं. "वळखना तुना हात," ते म्हणाले. मी दोर वर ओढला आणि गाठीसकट पदरात गुंडाळून घेतला.

पहिलं माप घरच्या कर्त्याने काढायचं, हीही रीतच. यजमान म्हणाले, मी उतरतो. आबांनी ऐकलं नाही. कमरेला सोल, मोटेचा जाड दोर, बांधला, त्याचं टोक निंबाला गुंडाळून यजमानांच्या हातात दिलं, पायली आणि पोतं बगलेत मारलं आणि खाचांवर पाय देत ते आत गेले. मी कडेला उभी होते. त्यांचं पागोटं खाली खाली जाताना दिसत होतं.

ते दाण्यावर उभे राहिले. डोकं वर करून बोलत होते. आनंदात होते. "गरम शे रे आठे," ते म्हणाले. "पाय भाजी ऱ्हायना. बठ्ठी जवारी..."

आणि पायली भरायला वाकले.

ज्या सपाटीवर धूर पसरला होता, तिच्याखाली त्यांचं डोकं गेलं. मी ते पाहिलं. सगळी ज्वारी काय, ते वाक्य तिथेच थांबलं. पायली कलंडल्याचा मऊ आवाज आला. मग काही नाही. ते पुन्हा वर झाले नाहीत.

"बठ्ठी जवारी काय, आबा?" यजमानांनी वरून विचारलं.

मला तेव्हा सगळं कळलं, एका दमात. दिवा का विझतो ते, आणि मी काय केलं ते. यजमान सोल सोडून कडेकडे यायला लागले, उतरायलाच. मी त्यांना दोन्ही हातांनी कमरेला धरलं. डोक्यावरचा पदर पडला. शेजारचे लोक कुंपणाशी आले होते, त्यांच्यादेखत.

"उतरू नका. ओढा. आधी ओढा वर."

"सोड!"

"दिवा विझतो तिथे माणूसही विझतो. ओढा म्हणते ना!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे, पण त्यांनी सोल धरला. शेजारी धावले. मीही सोल धरला, तळहात सोलवटले. आबा पेवाच्या तोंडाशी अडकले, खांदे वळवून काढावे लागले. चेहरा निळा-काळा, तोंडाला दाणे चिकटलेले. उताणं निजवलं. कुणी पाणी मारलं, कुणी सुपाने वारा घातला, कुणी छाती चोळली. मी बाजूला उभी होते आणि पदरातली गाठ मुठीत दाबून धरली होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. निंबाची सावली आमच्यावरून सरकून गेली एवढं आठवतं. मग त्यांनी घर्र करून श्वास घेतला.

गावात बोलबाला झाला की खालचीने होकार दिला आणि बदल्यात माणूस मागितला. सुनेने ओढून परत आणला. माझं कौतुक झालं. बायका येऊन माझ्या हातांना तेल लावून गेल्या. त्या कौतुकाइतकं जड मी दुसरं काही वाहिलेलं नाही.

पेव दोन दिवस उघडं ठेवलं. निंबाचे डहाळे दोराला बांधून खाली-वर केले, हवा घुसळली. मग दुसऱ्या लांब दोराने दिवा सोडून तो दाण्यापर्यंत जळताना पाहिला आणि शेजारचे दोघे उतरले. ज्वारी सडली होती. भिंतीच्या बाजूने ढेकळं झाली होती, काळी, वाफाळणारी. गारांचं पाणी कुठूनतरी आत शिरलं होतं. मधला थोडा दाणा धड निघाला, तोही वासाचा. बैलानेही तोंड लावलं नाही. विकायला काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यजमान दाणे वाळवायला खळ्यावर गेले होते. आबांनी बाजेवरून मला हाक मारली. "दिवाना दोर आन माय."

नाही म्हणायचं मला सुचलं नाही. दोर दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही; बोटांनीच चिंधीपासून खाली खाली चाचपत गेले. गाठीशी आले आणि थांबले. मी जमिनीकडे पाहत उभी होते. मला वाटलं आता हाक मारतील, लेकाला बोलावतील, मला माहेरी धाडतील. त्यांनी नखांनी गाठ सोडवायला घेतली. फार घट्ट होती, बराच वेळ लागला. मी मदत केली नाही, हात पुढे झाला नाही. गाठ सुटली तेव्हा त्यांनी मोकळा झालेला दोर हातावर मोजला. दोन हात. मग अर्धा.

"दिवा माणूससाठे व्हता, माय," ते म्हणाले. "मी समजनू जवारीसाठे शे."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "कोणले सांगू नको." आणि डोळे मिटून घेतले.

यजमान भुसावळला गेले ते गेलेच. ज्यासाठी गाठ मारली ते हातचं गेलं. शनिवारी-रविवारी येत, काळ्या नखांनी भाकरी मोडत. पुढच्याच साली पाऊस ओढला, मग ती तापाची साथ आली, आणि त्या शेडच्या पगारावर आम्ही जगलो. त्या वर्षी ज्याच्या घरात दाणा होता त्याचं घर राहिलं. म्हणजे आबा चुकले नव्हते. आणि यजमानही नव्हते.

त्यानंतर आबांनी पेवात दाणा ठेवला नाही. निम्मी ज्वारी खळ्यावर विकायची आणि निम्मी कणगीत, माझ्या माहेरच्यासारखी. दर मार्गशीर्षात मात्र ते मला विचारत, "औंदा काय करूत? ठेवूत का ईकूत?" लेकाला नाही, मला. आणि दर चैत्रात ते मला रिकाम्या पेवाची फरशी काढायला लावत, दिवा सोडायला लावत. यजमानांना वाटे म्हातारा त्या दिवसापासून जरा फिरला आहे. तसं थोडं होतंही. बोलता बोलता ते मध्येच थांबत, वाक्य अर्धं टाकून, आणि पुन्हा ते धरत नसत. अशा वेळी मी हातातलं काम सोडून त्यांच्या छातीकडे पाहत बसे, हलते का ते.

दिवा मी पुरा सोडायची. तळापर्यंत. पणती मातीला टेकल्याचं हाताला कळायचं. "जळस का?" ते विचारत. "जळस, आबा." मग ते दोर मागून घेत, चिंधीपासून शिंक्यापर्यंत बोटं फिरवत. एका जागी दोराला गाठीचा बाक राहिला होता, तो कधी गेला नाही. तिथे बोट क्षणभर थांबे आणि पुढे जाई.

शेवटच्या चैत्रात त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी त्यांना हात धरून अंगणात आणलं, निंबाखाली बसवलं. फरशी सरकवली. पेव रिकामं, कोरडं, कित्येक वर्षं दाणा न पाहिलेलं. आत निंबाचा पाला पडलेला असेल, कुजला असेल; मी नंतर स्वतःला तसंच सांगत आले. दिवा तळाला टेकायच्या आत ज्योत लांबली, उचलली गेली आणि विझली. धूर आडवा पसरला.

"जळस का?" आबांनी विचारलं.

मी त्या धुराकडे पाहत होते.

"जळस, आबा."

त्यांनी हात पुढे केला. मी दोर त्यांच्या हातात दिला. चिंधीपासून खाली खाली बोटं गेली, बाकाशी थांबली, पुढे गेली. वात कोमट होती, बोट लागून ती विझल्याचं कळू नये म्हणून मी पणती शिंक्यातून काढून मुठीत धरली.

"गाठ नही," ते म्हणाले आणि समाधानाने निंबाला टेकून बसले.

ज्येष्ठात ते गेले. तेरावा झाल्यावर मी चार गाड्या माती मागवली आणि पेव बुजवलं. पुढे लढाईत कारकुनाने खणलेला खड्डाही, तो गेला त्याच दुपारी, मी माझ्या हातांनी भरला, आणि वर उभी राहून पायांनी दाबला.